मुखकर्करोग : डोळ्यांसमोरचा रोग

शरीराच्या आत उद्भवणारे बहुतेक कर्करोग आरंभी कोणालाच दिसत नाहीत. जठरात, यकृतात किंवा फुप्फुसात पेशींची अनिर्बंध वाढ सुरू झाली, तर तिचा माग काढण्यासाठी क्ष-किरणे, दुर्बिणी आणि प्रयोगशाळा यांची मदत घ्यावी लागते आणि पुष्कळदा तोवर फार उशीर झालेला असतो. तोंडाची गोष्ट निराळी आहे. ओठ, गालांची आतील बाजू, हिरड्या, जीभ, टाळू आणि जिभेखालचा भाग हे सारे उजेडात पाहता येते, बोटाने चाचपता येते. शिवाय येथील कर्करोग बहुधा एकाएकी अवतरत नाही. त्याच्या आधी कित्येक वर्षे श्लेष्मल त्वचेवर पांढरा किंवा लाल चट्टा उमटलेला असतो. तो दुखत नाही, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, एवढेच.

असे असूनही भारतात या रोगाचे बहुसंख्य रुग्ण तो बराच पसरल्यावर रुग्णालयात येतात. २०२२ सालासाठी करण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात ओठ व तोंड यांच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण झाले. भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक पहिला लागतो.

जो रोग आधी सूचना देऊन येतो आणि तीही डोळ्यांसमोर देतो, त्याने एवढी माणसे का दगावावी? यावर सहज सुचणारे उत्तर म्हणजे सर्वांची तोंडे वेळीच तपासावीत. परंतु वैद्यकात सहज सुचणारी उत्तरे अनेकदा फसवी ठरली आहेत. तपासणीमुळे मृत्यू खरोखर टळतात का? चट्टा सापडला तरी त्याचे करायचे काय? आणि कर्करोग लहान असतानाच हाती लागला, तर शस्त्रक्रिया किती दूरवर न्यावी? या प्रश्नांचा पाठपुरावा भारतातील संशोधकांनी सुमारे साठ वर्षे केला आहे आणि त्यांतील काहींची उत्तरे जगात प्रथम येथेच मिळाली.

या कामाची सुरुवात काहीशा अनपेक्षित ठिकाणी झाली. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था गणित आणि अणुविज्ञान यांसाठी प्रसिद्ध आहे. पण तेथे दंतसंशोधनाचा एक लहानसा विभागही होता. डॉ. फली मेहता हे त्याचे प्रमुख. कोपनहेगन येथील मुखविकृतितज्ज्ञ डॉ. येन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने त्यांनी १९६६ मध्ये एक मोठी पाहणी हाती घेतली. तोवर मुखकर्करोगाविषयीची माहिती मुख्यतः रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेली होती. परंतु रुग्णालयात पोहोचतो तो रोग्यांतील एक भाग. आणि ज्याला केवळ पांढरा चट्टा आहे, तो तर रुग्णालयाची पायरीही चढत नाही. म्हणून दंतवैद्यांनीच खेड्यांत घरोघर जावे असे ठरले. गुजरातमधील भावनगर, केरळमधील एर्नाकुलम, आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम आणि त्या काळच्या बिहारमधील सिंगभूम व दरभंगा या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे तपासण्यात आली. यापाठोपाठ महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची अशीच पाहणी झाली. तिचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पाहण्यांतून प्रथम जे पुढे आले, ते म्हणजे तंबाखूच्या सवयींचा आणि तोंडातील व्रणांचा जणू एक नकाशाच. भावनगरकडे विडी ओढण्याची चाल, एर्नाकुलमकडे तंबाखू घातलेला पानाचा विडा चघळण्याची. महाराष्ट्रात चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आणि विशेषतः स्त्रियांमध्ये मशेरी. विडा किंवा तंबाखूची गोळी ज्या गालात धरून ठेवायची, त्याच गालात पुढे चट्टा उमटायचा. श्रीकाकुलमचे चित्र तर सर्वांहून वेगळे होते. तेथील अनेक जण, आणि त्यांत स्त्रिया अधिक, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून तो ओढीत. गोव्यातही धुमटी नावाची देशी विडी काही जण अशीच उलटी ओढत असल्याचे पुढे नोंदले गेले. टाळूवरचा कर्करोग इतरत्र विरळा. श्रीकाकुलममध्ये तो वारंवार आढळला. कारण आणि परिणाम यांचे नाते इतक्या उघडपणे समोर येण्याचे प्रसंग वैद्यकात फार थोडे.

तथापि एका वेळच्या पाहणीतून चट्ट्याचे पुढे काय होते हे कळत नाही. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या जिल्ह्यांतील मिळून सुमारे ३० हजार ग्रामस्थांचा दहा वर्षे असा मागोवा घेण्यात आला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतील एक गोष्ट फार मोलाची होती. या काळात ज्यांना नव्याने मुखकर्करोग झाला, त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांच्या तोंडात आधीच्या तपासणीत काही ना काही पूर्वलक्षण नोंदलेले होते. म्हणजे हा रोग इशारा देऊन येतो, ही केवळ समजूत राहिली नाही.

पण या निष्कर्षाला दुसरी बाजूही होती. चट्टे असलेल्या बहुसंख्य माणसांना कर्करोग झालाच नाही. काहींचे चट्टे वर्षानुवर्षे तसेच राहिले, काहींचे कोणत्याही उपचाराविना नाहीसे झाले. गुळगुळीत, एकसारख्या पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लालसर पार्श्वभूमीवर बारीक गाठी असलेला चट्टा कितीतरी अधिक धोकादायक ठरला. तेव्हा दिसेल तो प्रत्येक चट्टा कापून काढणे हा काही शहाणपणाचा मार्ग नव्हता. औषधाने चट्टा घालवावा, असाही विचार झाला. केरळमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देऊन पाहण्यात आल्या, तर अमेरिकेत त्याच्याशी नाते असलेले एक औषध वापरण्यात आले. दोन्हीकडे पुष्कळांचे चट्टे खरोखरच विरले. आणि औषध थांबताच निम्म्याहून अधिक जणांत ते परत आले.

मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून साधा मार्ग धरला. सवयच मोडता आली तर? त्याच तीन जिल्ह्यांतील तंबाखू वापरणाऱ्या ३६ हजार लोकांना समक्ष भेटून, तसेच चित्रपट, वृत्तपत्रे आणि आकाशवाणी यांच्या साहाय्याने तंबाखू सोडण्याचा सल्ला देण्यात आला. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. तंबाखू पूर्णपणे सोडणारे थोडेच होते. सवय कमी करणारे अधिक. तरीही एर्नाकुलममध्ये पुरुषांत नवे पांढरे चट्टे उमटण्याचे प्रमाण पूर्वीच्या सुमारे चौथ्या हिश्शावर आले आणि स्त्रियांत त्याहूनही खाली गेले. या अभ्यासात एक उणीव होती, ती अशी की तुलना झाली ती त्याच भागातील आधीच्या वर्षांशी. एकाच वेळी सल्ला न मिळालेल्या दुसऱ्या गटाशी नव्हे. काळाबरोबर इतरही गोष्टी बदलत असतात. मात्र एवढा मोठा फरक केवळ काळाच्या माथी मारणे अवघड आहे.

आता मूळ प्रश्न. तोंडे तपासल्याने मृत्यू टळतात का? याचे उत्तर वाटते तितके सोपे का नाही, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका माणसाचा कर्करोग तो ५८ वर्षांचा असताना उघडकीस आला आणि ६० व्या वर्षी तो वारला. निदानानंतर तो दोन वर्षे जगला. त्याच माणसाची तपासणी होऊन रोग ५५ व्या वर्षीच कळला असता आणि उपचारांचा काही उपयोग न होता तो ६० व्या वर्षीच वारला असता, तर निदानानंतर तो पाच वर्षे जगला असे कागदावर दिसले असते. प्रत्यक्षात त्याचे आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नसते. वाढला असता तो फक्त रोगी म्हणून जगण्याचा काळ. यास्तव निदानानंतरच्या वर्षांवरून तपासणीचे मोल ठरवता येत नाही. त्यासाठी दोन सारखे लोकसमूह घेऊन, एकाची तपासणी करून आणि दुसऱ्याची न करता, दोहोंतील मृत्यूच मोजावे लागतात. कोणता समूह कोणत्या गटात जाईल, हेही संशोधकांच्या इच्छेने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ठरावे लागते.

असा प्रयोग तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाला. तेथील प्रादेशिक कर्करोग केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. डॉ. आर. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख संशोधक. १३ पंचायतींपैकी ७ पंचायती तपासणीच्या गटात आणि ६ तुलनेच्या गटात गेल्या. ३५ वर्षे व त्यापुढील वयाचे ९६,५१७ लोक पहिल्या गटात होते आणि ९५,३५६ दुसऱ्या गटात. १९९६ ते २००४ या काळात दर तीन वर्षांनी एक याप्रमाणे तपासणीच्या तीन फेऱ्या झाल्या. तपासणी करणारे ना दंतवैद्य होते ना डॉक्टर. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पदवीधरांना तोंड कसे पाहावे आणि कोणता चट्टा संशयास्पद मानावा याचे प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवण्यात आले. साधने म्हणाल तर उजेड, डोळे आणि बोटे. संशय आल्यास त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले जाई.

निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात मुखकर्करोगाचे २०५ रुग्ण आढळले, तुलनेच्या गटात १५८. शोधणाऱ्याला अधिक सापडणार, यात आश्चर्य नाही. मृत्यू मात्र पहिल्या गटात ७७ झाले आणि दुसऱ्या गटात ८७. मृत्युदरात सुमारे एकपंचमांश घट दिसली. पण केवळ योगायोगानेही एवढा फरक पडू शकला असता, असे संख्याशास्त्राने बजावले. तंबाखू अथवा मद्य घेणाऱ्यांचा वेगळा हिशेब केला, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. त्यांच्यात तपासणीच्या गटात ७० आणि तुलनेच्या गटात ८५ मृत्यू झाले होते. मृत्युदर ३४ टक्क्यांनी कमी होता. अशा पुरुषांपुरते पाहिल्यास ४३ टक्क्यांनी. ही घट योगायोगाच्या खाती टाकता येण्याजोगी नव्हती. ज्यांना ही व्यसने नाहीत, त्यांच्या तपासणीतून मात्र फारसे काही हाती लागले नाही.

एका चौथ्या फेरीनंतर, १५ वर्षांच्या अखेरीस हिशेब पुन्हा मांडण्यात आला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यसने असलेल्यांच्या मृत्युदरातील घट आता २४ टक्के होती. जे लोक चारही फेऱ्यांत तपासले गेले, त्यांच्यात ती ८१ टक्के दिसली. या शेवटच्या आकड्याने हुरळून जाऊ नये. चार वेळा न चुकता तोंड दाखवणारा मनुष्य इतर बाबतींतही स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणारा असतो. त्याच्या दीर्घायुष्याचे सगळे श्रेय तपासणीला देणे योग्य होणार नाही. पंचायतींची संख्याही अवघी १३ असल्याने दोन गट सर्व बाबतींत तंतोतंत सारखे झाले असतील असे नाही. या मर्यादा धरूनही, नुसत्या पाहण्याने मुखकर्करोगाचे मृत्यू टाळता येतात काय, हे नियंत्रित प्रयोगाने तपासणारा हा जगातील पहिलाच मोठा अभ्यास होता.

त्यातील एक आकडा मात्र मृत्यूंच्या आकड्यांइतकाच विचार करायला लावणारा आहे. तीन फेऱ्यांत ५,१४५ लोकांच्या तोंडात संशयास्पद लक्षणे आढळली आणि त्यांना डॉक्टरांकडे जाण्यास सांगण्यात आले. गेले ३,२१८, म्हणजे १०० पैकी ६३. उरलेल्या ३७ जणांना घरी येऊन सांगितले, तरी ते गेले नाहीत. चट्टा दुखत नव्हता. रोजची मजुरी बुडणार होती. कर्करोग हा शब्द उच्चारायलाही माणसे भितात. हे सारे त्यामागे असू शकते. आणि हे केरळसारख्या, साक्षरता आणि आरोग्यसेवा या दोन्ही बाबतींत देशात अग्रेसर असलेल्या राज्यात घडले.

जे रुग्णालयात पोहोचतात आणि ज्यांचा कर्करोग अद्याप लहान असतो, त्यांच्यापुढे शल्यचिकित्सकाचा प्रश्न उभा राहतो. जिभेवरची किंवा गालातली गाठ काढणे आवश्यकच असते. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मानेचा. तोंडाचा कर्करोग पसरतो तो प्रथम मानेतील लसिका ग्रंथींत. त्या हाताला लागत असतील तर काढाव्याच लागतात. परंतु लागत नसतील तर? त्यांत रोगाचे सूक्ष्म कण दडलेले असण्याची शक्यता असते, खात्री नसते. काही शल्यचिकित्सक तोंडाबरोबरच मानेची शस्त्रक्रियाही करून टाकीत. इतरांचे म्हणणे असे, की बहुसंख्य रुग्णांच्या मानेत रोग नसतोच. विनाकारण मान कापल्याने खांदा दुबळा होतो, हात वर उचलत नाही, व्रण राहतो. त्यापेक्षा लक्ष ठेवावे आणि गाठ दिसली की मग शस्त्रक्रिया करावी. दोन्ही बाजूंना नामांकित शल्यचिकित्सक होते आणि हा वाद अर्धशतकभर चालला. त्यावर छोट्या चाचण्या झाल्या नाहीत असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ७० रुग्णांची एक चाचणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पण ७० माणसांत पाचदहा मृत्यूंचा फरक पडला, तरी तो उपचाराचा की दैवाचा हे ठरवता येत नाही.

मोठ्या चाचणीसाठी एकाच प्रकारचे शेकडो रुग्ण लागतात. पाश्चात्त्य देशांत एका रुग्णालयात ते मिळणे कठीण. मुंबईत, दुर्दैवाने, ते मिळतात. २००४ ते २०१४ या काळात टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६०० रुग्ण या चाचणीत घेण्यात आले. सर्वांचा कर्करोग आरंभीच्या अवस्थेतील आणि मानेत हाताला गाठ न लागणारा होता. त्यांपैकी पहिल्या ५०० जणांचा हिशेब झाला, तेव्हाच फरक इतका ठळक दिसला, की देखरेख समितीच्या सूचनेवरून नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. मानेची शस्त्रक्रिया लगोलग झालेल्या २४५ रुग्णांपैकी ५० दगावले होते. वाट पाहिलेल्या २५५ पैकी ७९. रोग उलटला तो पहिल्या गटात ८१ जणांत, दुसऱ्यात १४६ जणांत. तीन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८० टक्के आणि ६७.५ टक्के होते. आठ जणांची मान लगोलग शस्त्रक्रियेला घेतली, तर एक मृत्यू टळतो, असा त्याचा अर्थ. उरलेल्या सात जणांचे काय, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. खांद्याचे दुखणे त्यांच्याही वाट्याला येते. म्हणूनच पुढे फ्रान्स आणि जपान येथील चाचण्यांत आधी एकदोन पहारेकरी ग्रंथी काढून तपासायच्या आणि त्यांत रोग आढळला तरच उरलेल्या काढायच्या, असा मध्यममार्ग आजमावला गेला आणि तोही तितकाच सुरक्षित असल्याचे दिसून आले. त्याला लागणारी किरणोत्सर्गी द्रव्ये आणि कुशल विकृतितज्ज्ञ प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी असतील अशी अपेक्षा मात्र करता येत नाही.

मुंबईच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतील एका जुन्या वादाला त्यांनी बव्हंशी पूर्णविराम दिला. यंत्रसामग्री नवी नव्हती, औषधही नवे नव्हते. शंभर वर्षांपासून चालत आलेल्या शस्त्रक्रियेविषयी एक प्रश्न नीट विचारला गेला, एवढेच नवे होते.

दरम्यान खुद्द रोगाचे स्वरूप बदलत गेले. १९५३ मध्ये मुंबईतील एका कान-नाक-घसातज्ज्ञाने, डॉ. जोशी यांनी, टाळू आणि घशाच्या कडा कडक होत जाण्याचा एक विकार वर्णन केला होता. त्याच्या एकच वर्ष आधी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये तो नोंदला गेला होता. या विकारात श्लेष्मल त्वचेखाली तंतू साचत जातात, गाल फळीसारखे ताठ होतात, तिखट सोसवत नाही आणि तोंड उघडेनासे होते. त्याचे मूळ सुपारीत आहे. सुपारीतील अल्कलॉइडे तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवतात आणि तिच्यातील तांब्यामुळे ते तंतू अधिक चिवट होतात. एर्नाकुलममधील अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला असता त्यांपैकी ५ जणांना कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये नोंदले गेले. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा लिऑनच्या संस्थेने २००४ साली दिला.

पूर्वी विडा चघळणारा माणूस बहुधा प्रौढ असे आणि दिवसातून ठरावीक वेळा पान खाई. सुपारी, चुना, कात आणि तंबाखू यांचे कोरडे मिश्रण पुड्यांतून विकले जाऊ लागले, तसे हे चित्र पालटले. पुडी स्वस्त, खिशात मावणारी आणि वासाने मोहवणारी. तिच्यात पानाचा ओलावा नसल्याने वजनाच्या मानाने सुपारी अधिक. २०१२ मध्ये प्रथम मध्य प्रदेशाने आणि नंतर महाराष्ट्रासह इतर राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली. तेव्हा काही उत्पादकांनी तंबाखू आणि सुगंधी सुपारी दोन वेगळ्या पुड्यांत विकायला सुरुवात केली. ग्राहक त्या हातावर एकत्र करतो.

या विकारामुळे एक विचित्र अडचण उभी राहते. मुखकर्करोगाविरुद्धचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तोंड उघडून पाहणे. आणि हा विकार नेमके तेच अशक्य करतो. निरोगी माणसाच्या पुढच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. या रुग्णांत दोन मावत नाहीत, पुढे एकही मावत नाही. गालाच्या मागच्या भागात किंवा जिभेच्या मुळाशी व्रण झाला, तर तो प्रशिक्षित कार्यकर्त्याच्या विजेरीलाही दिसत नाही आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्यालाही श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाते. व्यायाम, इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया यांनी तोंड काही अंशी उघडते. साचलेले तंतू पूर्ववत करणारे औषध मात्र अद्याप सापडलेले नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांसाठी लोकसंख्येच्या पातळीवर तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत तोंडाची तपासणी वयाच्या ३० व्या वर्षापासून दर पाच वर्षांनी करावी असे म्हटले आहे आणि लोकांना केंद्रापर्यंत आणण्याचे काम गावपातळीवरील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवले आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रयोगाची छाप या योजनेवर उघड दिसते. परंतु तेथील लोक ३५ वर्षांचे व त्यापुढील होते आणि दर तीन वर्षांनी तपासले जात होते. पुड्यांची सवय शाळकरी वयात लागलेला तरुण दंतवैद्याकडे येतो तेव्हा बहुधा विशीत असतो. योजनेच्या यादीत त्याचे नाव येण्यास काही वर्षे अवकाश असतो आणि त्याच्या दातांमध्ये तोवर दोनच बोटे मावत असतात.